भूकंपाचा पहिला आकडा

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. गणपतीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि चार वाजायला काही मिनिटं कमी होती. पण अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे यूएसजीएस या संस्थेच्या जागतिक यादीत ३० सप्टेंबरखाली शोधलंत, तर तो सापडणार नाही. तिथे तो २९ सप्टेंबरला, २२ वाजून २५ मिनिटांनी झालेला दिसेल. कोयनेचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट जागतिक नोंदींत १० डिसेंबर आहे. या याद्या यूटीसी या जागतिक वेळेत ठेवतात आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे चालतं. म्हणून आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आत झालेला प्रत्येक भूकंप यादीत आदल्या दिवशी जाऊन बसतो.

आजकाल जमीन हलली की लोक आधी फोन उघडतात. पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर तीन वेगळे आकडे, दोन वेगळी गावं आणि एखादी जुनी पडझडीची चित्रफीत येते. खरं तर जगभरच्या भूकंपांची माहिती मुळातून, फुकट आणि काही मिनिटांत मिळण्याची सोय आता कुणालाही आहे. कुठे बघायचं आणि बघितलेलं कसं वाचायचं, एवढं मात्र ठाऊक हवं.

पहिली निवड ठिकाणाची. घरातली भांडी वाजली आणि तुम्ही महाराष्ट्रात आहात, तर थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे जा. हे केंद्र पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, देशभर त्याची दीडशेहून अधिक वेधकेंद्रं आहेत आणि ‘भूकंप’ नावाचं त्याचं मोबाइल अ‍ॅपही आहे. वेळ भारतीय असते, त्यामुळे वर सांगितलेला तारखेचा घोळ होत नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला आणि नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. अशा वेळी नोंद पाहण्याची जागा हीच. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून जे छोटे छोटे धक्के बसत राहिले, त्यांतले बहुतेक तुम्हाला यूएसजीएसच्या यादीत दिसणारच नाहीत. अमेरिकेबाहेरचे साधारण साडेचारच्या खालचे भूकंप त्या यादीत नियमाने येत नाहीत. ‘अमेरिकेच्या साइटवर काहीच नाही, म्हणजे सरकार लपवतंय’ किंवा उलट ‘म्हणजे भूकंप झालाच नाही’, असे दोन्ही निष्कर्ष काढणारे लोक पाहिले की हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

देशाबाहेरचा, किंवा मोठा भूकंप असेल तर यूएसजीएस. कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावी त्यांचं राष्ट्रीय भूकंप माहिती केंद्र चोवीस तास चालतं आणि वर्षाला सुमारे वीस हजार भूकंपांची स्थानं ठरवतं. त्यांच्या ‘लेटेस्ट अर्थक्वेक्स’ नकाशाच्या सेटिंग्जमध्ये गेलात तर वेळ स्थानिक करून घेता येते. हे पहिल्याच भेटीत करून टाका. भूकंपाच्या पानावर ‘पेजर’ नावाची एक रंगीत पट्टी असते. ती हिरवी, पिवळी, नारिंगी किंवा लाल असते आणि जीवितहानी व आर्थिक नुकसान किती होऊ शकेल याचा गणिती अंदाज सांगते. बातमी किती गंभीर आहे हे पटकन जोखायला मॅग्निट्यूडपेक्षा या पट्टीचा उपयोग जास्त होतो. निर्मनुष्य समुद्रातला ७ चा भूकंप हिरवा असू शकतो आणि दाट वस्तीखालचा ६ चा लाल.

तिसरी जागा फ्रान्समधली. युरोपीय-भूमध्य भूकंपकेंद्र, म्हणजे ईएमएससी, आणि तिचं ‘लास्टक्वेक’ अ‍ॅप. नावात युरोप असलं तरी नोंदी जगभरच्या असतात. या संस्थेची एक गंमत आहे. हादरा बसला की लोक घाईने त्यांच्या साइटवर आणि अ‍ॅपवर धावतात. एखाद्या भागातून अशी झुंबड उडाली की तिथे काहीतरी जाणवलं आहे हे संस्थेला कळतं, आणि अनेकदा यंत्रांच्या आकडेमोडीआधीच ती तशी सूचना टाकते. जर्मनीत पॉट्सडॅमच्या जीएफझेड संस्थेचं ‘जिओफॉन’ हे जाळंही जगभरचे भूकंप वेगाने टिपतं. मोठा भूकंप झाला की यूएसजीएस आणि जिओफॉन शेजारी शेजारी उघडून बघायची सवय चांगली. दोघांचे आकडे ०.१ ते ०.३ ने वेगळे निघाले तर ते नेहमीचंच समजा. फरक त्याहून मोठा असेल तर थांबा. कुठलातरी एक आकडा अजून हलायचा आहे.

आकडा का हलतो

२०२५ च्या जुलैअखेरीस रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पाजवळ समुद्रात प्रचंड भूकंप झाला. आपल्याकडे ३० जुलैची पहाट होती, यूटीसीनुसार २९ जुलै. यूएसजीएसचा पहिला आकडा होता ८.०. काही वेळाने तो ८.७ झाला आणि शेवटी ८.८. मॅग्निट्यूडची मोजपट्टी पायऱ्यापायऱ्यांनी गुणाकारात वाढते. एक पायरी चढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबाने ८.० आणि ८.८ मध्ये ऊर्जेचा फरक साधारण सोळा पटींचा. मग आधीची माणसं झोपा काढत होती का? नाही. त्या क्षणी त्यांच्या हातात जे होतं त्यावरून निघणारा आकडा तोच होता.

भूकंपाचे सर्वांत वेगवान तरंग, ज्यांना पी तरंग म्हणतात, ते भूकवचातून सेकंदाला सहा ते आठ किलोमीटर वेगाने जातात. खोल प्रावरणात आणखी वेगाने. तरीही कामचाटकाहून निघालेल्या तरंगांना पुण्याला पोचायला अकरा-बारा मिनिटं लागतात. सुरुवातीला जवळच्या मोजक्या केंद्रांवरची नोंदच हाती असते. शिवाय एवढा मोठा भूकंप एका क्षणात होत नाही. शेकडो किलोमीटर लांबीचा भ्रंश फुटत जायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तो कुठे थांबणार हे पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगता येत नाही. तिसरी अडचण मोजण्याच्या पद्धतीची. झटपट निघणारा ‘एमबी’ हा प्रकार साधारण साडेसहाच्या पुढे पुरा पडत नाही. भूकंप कितीही मोठा असला तरी तो आकडा तिथेच घुटमळतो. मोठ्या भूकंपासाठी विश्वासाचा असतो तो ‘एमडब्ल्यू’, म्हणजे मोमेंट मॅग्निट्यूड. त्याला लांब पल्ल्याचे संथ तरंग लागतात आणि ते यायला वेळ लागतो. म्हणून आकड्याशेजारी कुठली अक्षरं आहेत ते बघत जा. आपली वर्तमानपत्रं अजून सरसकट ‘रिश्टर स्केल’ छापतात. १९३५ साली दक्षिण कॅलिफोर्नियासाठी बांधलेली ती मोजपट्टी आज लहान, स्थानिक भूकंपांपुरतीच उरली आहे.

पहिला आकडा कमी निघण्याची किंमत जपानने २०११ मध्ये मोजली. ११ मार्चच्या भूकंपाला जपानच्या हवामान संस्थेने सुरुवातीला ७.९ म्हटलं आणि त्यावर बेतून त्सुनामीचा पहिला इशारा दिला. मियागीसाठी सहा मीटर, इवाते आणि फुकुशिमासाठी तीन मीटर. भूकंप प्रत्यक्षात ९.० चा होता. लाटा इशाऱ्यापेक्षा कितीतरी उंच आल्या. त्यानंतर जपानने पद्धत बदलली. आठच्या वरचा भूकंप असावा अशी शंका असेल, तर पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा न देता नुसतं ‘प्रचंड’ असं सांगायचं.

उलट दिशेचा घोटाळाही होतो. जून २०१७ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या स्वयंचलित बातमी-प्रोग्रॅमने सांता बार्बराजवळ ६.८ चा भूकंप झाल्याची बातमी प्रसिद्ध केली. भूकंप खरा होता, पण १९२५ सालचा. शास्त्रज्ञ त्या जुन्या भूकंपाचं स्थान दुरुस्त करत होते, नोंदीत वर्ष २०२५ पडलं, आणि यंत्रांनी यंत्रांना निरोप दिला. म्हणून यूएसजीएसच्या प्रत्येक नोंदीतला एक शब्द शोधायचा: स्थिती ‘ऑटोमॅटिक’ आहे की ‘रिव्ह्यूड’. पहिला म्हणजे संगणकाचा कच्चा हिशेब, दुसरा म्हणजे तज्ज्ञाने डोळ्यांनी तपासलेला. जगात कुठेही ५ च्या वरचा भूकंप झाला तर तपासलेली नोंद बहुधा वीसेक मिनिटांत येते. तेवढी वीस मिनिटं गटावर काही पुढे ढकलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोलीच्या रकान्यातही एक खाच आहे. ‘१० किलोमीटर’ ही खोली तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल. उथळ भूकंपाची खोली नेमकी काढायला अगदी जवळचं वेधकेंद्र लागतं. ते नसेल तर गणित जुळवण्यासाठी खोली १० किलोमीटर धरून ठेवतात. म्हणजे अशा ठिकाणी १० चा अर्थ ‘उथळ आहे, याहून नेमकं सांगता येत नाही’ एवढाच घ्यायचा.

इशारा वेगळा, माहिती वेगळी

वर सांगितलेल्या सगळ्या सेवा भूकंप होऊन गेल्यावर सांगतात. हादरा पोचायच्या आत सांगणारी व्यवस्था निराळी. तिचं तत्त्व सोपं आहे. आधी वेगवान पण सौम्य पी तरंग येतात आणि मागून हळू पण नुकसान करणारे एस तरंग. रेडिओ-इंटरनेटचा संदेश दोघांपेक्षा वेगवान. केंद्राजवळच्या यंत्राला पी जाणवला की दूरच्या माणसाला काही सेकंद मिळतात. अगदी केंद्रावर असलेल्याला ते मिळत नाहीत. किल्लारीसारख्या गावाखालीच झालेल्या भूकंपात अशा इशाऱ्याचा उपयोग गावाला नव्हे, दूरच्या शहराला होतो.

भारतात अँड्रॉइड फोनवर ही सोय सप्टेंबर २०२३ पासून आहे. त्यात फोनमधला हालचाल ओळखणारा सेन्सरच छोटं भूकंपयंत्र म्हणून वापरला जातो. सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’खाली ‘अर्थक्वेक अलर्ट्स’ चालू आहे का ते आजच बघा; लोकेशन आणि इंटरनेट दोन्ही लागतात. तिच्यावर भिस्त किती ठेवायची? तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे ७.८ चा भूकंप झाला, तेव्हा या यंत्रणेने त्याला पाचच्याही आत धरलं आणि सर्वांत तातडीचा इशारा केवळ ४६९ जणांना गेला. हे गूगलच्या संशोधकांनी पुढे मान्य केलं आणि गणित सुधारलं. सोय चालू ठेवा, पण इशारा आला नाही म्हणून हलत्या घरात वाट बघत बसू नका.

आणि ‘उद्या रात्री भूकंप होणार’ असा निरोप आला तर? जगातली कुठलीही संस्था भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगत नाही, सांगू शकत नाही. निरोपावर कुणाचंही नाव असो.

कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं. हैदराबादचं इन्कॉइस. २००४ च्या त्सुनामीनंतर भारताचं इशारा केंद्र तिथे उभं राहिलं आणि २००७ पासून ते काम करतं आहे. अरबी समुद्रात त्सुनामी येतच नाही हा समज चुकीचा आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. त्सुनामीबाबत फक्त इन्कॉइसचं म्हणणं ग्राह्य धरावं, अ‍ॅपवरच्या लोकांच्या प्रतिक्रिया नव्हेत.

नातेवाईक परदेशात असतील तर त्यांच्या देशाची व्यवस्था वापरा. कॅलिफोर्नियात ‘मायशेक’ अ‍ॅप आहे, न्यूझीलंडमध्ये ‘जिओनेट’, जपानमध्ये परदेशी लोकांसाठी ‘सेफ्टी टिप्स’. ही अ‍ॅप्स मुलाच्या किंवा बहिणीच्या फोनवर हवीत. तुम्हाला इथे यूएसजीएसची ईमेल सूचना पुरते. तिथे नाव नोंदवलं की नकाशावर हवा तो भाग आखून घेता येतो आणि दिवसासाठी व रात्रीसाठी वेगळी मर्यादा ठेवता येते. मर्यादा ठरवताना लोक उत्साहात ‘अख्खं जग, अडीचच्या वर’ असं निवडतात आणि आठवड्यात वैतागून सगळंच बंद करतात. जगात वर्षाला ५ च्या वरचे हजाराहून अधिक भूकंप होतात, ६ च्या वरचे शंभर-दीडशे, ७ च्या वरचे सरासरी पंधरा. तेव्हा जगासाठी ६, भारत आणि शेजारासाठी ४.५, आणि टोकियोत कुणी असेल तर त्या चौकोनासाठी ५ ठेवा. रात्रीची मर्यादा एकाने वाढवा.

तुम्ही काय द्याल

हादरा जाणवला आणि तुम्ही सुरक्षित जागी आलात की दोन मिनिटं काढून नोंद करा. यूएसजीएसचं ‘डिड यू फील इट’, ईएमएससीची चित्रांवर बोट ठेवून उत्तर द्यायची यादी, किंवा भारतीय केंद्राचं अ‍ॅप, कुठेही. मॅग्निट्यूड भूकंपाचं एकच असतं, पण हादऱ्याची तीव्रता गावागावात बदलते. काळ्या मातीवरचं घर आणि शेजारच्या कातळावरचं घर सारखं हलत नाही. ही माहिती यंत्रांकडे नसते, माणसांकडे असते. कुठल्या मजल्यावर होता, टांगलेल्या वस्तू हलल्या का, भिंतीला तडा गेला का, एवढं खरं खरं लिहायचं. काहीच जाणवलं नाही हे उत्तरही उपयोगी असतं, आणि तेच फारसं कुणी देत नाही.

स्वतः काही बांधायचं असेल तर

थोडं प्रोग्रॅमिंग येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी यूएसजीएसची जिओजेसन यादी ही उत्तम सुरुवात. गेला तास, दिवस, आठवडा, महिना अशा तयार याद्या असतात. मिनिटाला एकदा वाचलंत तर पुरे. त्याहून वारंवार वाचून हाती काही नवीन लागत नाही. दोन-तीन खड्डे मात्र ठरलेले आहेत. निर्देशांकांत रेखांश आधी येतो, अक्षांश नंतर आणि शेवटी खोली. उलट धरलंत तर किल्लारी थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्डजवळच्या समुद्रात जाऊन पडते. वेळ १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत असते आणि अर्थातच यूटीसीत. तिसरा खड्डा सर्वांत फसवा. एकाच भूकंपाची ओळखखूण पुढे बदलू शकते, कारण दुसऱ्या संस्थेची नोंद अधिक ग्राह्य धरली जाते. म्हणून नोंदीतल्या सर्व ओळखखुणा आणि शेवटच्या बदलाची वेळ साठवा, नाहीतर तुमचा प्रोग्रॅम एका भूकंपाचे दोन करून सांगेल. रद्द झालेली नोंद काढून टाकायची सोयही पहिल्या दिवशीच लिहा. ईएमएससीकडे तर वेबसॉकेट आहे. तिथे विचारत बसावं लागत नाही, नवी नोंद आपणहून येते.

नुसत्या याद्यांवर समाधान नसेल आणि प्रत्यक्ष तरंग बघायचे असतील, तर पायथनमधली ‘ऑब्सपाय’ ही मोफत लायब्ररी घ्या. जगभरच्या शेकडो वेधकेंद्रांची नोंद एफडीएसएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ठरलेल्या पद्धतीने खुली असते. केंद्राचं नाव आणि वेळ दिली की तरंगाची रेघ तुमच्या पडद्यावर येते. भूगोलाच्या तासाला पुस्तकातली आकृती दाखवण्याऐवजी कालच्याच भूकंपाचे पी आणि एस तरंग दाखवा, आणि दोघांमधल्या सेकंदांवरून मुलांना अंतर काढू द्या.

यंत्रच हवं असेल तर ‘रास्पबेरी शेक’ आहे. छोट्या संगणकावर बसवलेला हा भूकंपमापक सेकंदाला शंभर वेळा जमिनीचं कंपन मोजतो. तो तळमजल्यावर, पक्क्या काँक्रीटवर ठेवायचा. पंखा, पंप, लिफ्ट आणि रहदारीपासून जमेल तितका दूर. वरच्या मजल्यावर ठेवलात तर इमारतीचं डोलणं मोजाल. आपल्या शहरांत जमिनीचा गोंगाट फार, आणि मिरवणुकीच्या दिवसांत ढोल-ताशा रेघेत स्पष्ट उमटेल, ही अपेक्षा ठेवूनच खरेदी करा. या यंत्रांचा उपयोग खेळण्यापुरता नाही. २०२० च्या टाळेबंदीत माणसाच्या वावरामुळे होणारं जगभरचं कंपन निम्म्यापर्यंत कमी झालं, हे ज्या संशोधनाने दाखवलं त्यात घरोघरच्या अशा यंत्रांच्या नोंदीही होत्या.

महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा पदार्थविज्ञान विभागाने मात्र एक पायरी पुढे जावं आणि ‘सायसकॉम्प’ बसवावं. हे सॉफ्टवेअर पॉट्सडॅमला घडलं, अनेक देशांची राष्ट्रीय केंद्रं ते वापरतात आणि त्याचा मुख्य भाग खुला आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात तयार झालेलं ‘अर्थवर्म’ही तसंच. लिनक्सचा एक संगणक, स्थिर इंटरनेट आणि चिकाटी असलेले दोन विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात होते. ‘सीडलिंक’ या वाहिनीने बाहेरच्या केंद्रांचे तरंग थेट येऊ लागतात. मग एक घटक प्रत्येक केंद्रावर नवं कंपन शोधतो. त्याची रीत साधी आहे. गेल्या एका सेकंदाची सरासरी गेल्या मिनिटाच्या सरासरीशी ताडून पाहायची. शांत घरात ताट पडलं की कान टवकारतात, बाजारात पडलं तर टवकारत नाहीत. दुसरा घटक निरनिराळ्या केंद्रांवरच्या वेळा जुळवून स्थान काढतो, तिसरा मॅग्निट्यूड, आणि शेवटी पडद्यावर माणूस बसून चुकीच्या वेळा हाताने सरकवतो.

हे शेवटचं काम विद्यार्थ्यांकडून आवर्जून करून घ्यावं. पाच केंद्रांवरून काढलेलं स्थान आणि वीस केंद्रांवरून काढलेलं स्थान किती किलोमीटरने सरकतं ते वहीत उतरवायला सांगा, आणि मग त्याच भूकंपाची यूएसजीएसची तपासलेली नोंद उघडून शेजारी मांडा. सुरुवात दख्खनच्या छोट्या धक्क्यापासून करू नका, कारण खुली केंद्रं जवळ नसल्याने तो हाती लागणार नाही. इंडोनेशिया किंवा हिंदुकुशचा साडेपाच-सहाचा भूकंप निवडा. तो काही दिवसांत मिळतोच.